नखाएवढ्या नाण्याचे नाव-गाव

तमिळनाडूतील करूर शहराजवळून अमरावती नदी वाहते. उन्हाळ्यात पाणी आटले की पात्रात वाळू उघडी पडते आणि त्या वाळूतून गेली अनेक दशके बारीक बारीक नाणी निघत आली आहेत. त्यांत प्राचीन चेर राजांची नाणी आहेत, आणि त्यांच्या सोबतीने निघतात काळपट-हिरव्या, हाताच्या नखाएवढ्या ब्राँझच्या चकत्या. त्यांच्यावर झिजलेला एक चेहरा आणि दोन-चार तुटकी लॅटिन अक्षरे असतात. मदुराईला वैगई नदीच्या काठीही हाच प्रकार आढळतो. ही रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातली, म्हणजे इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकातली नाणी होत.

भारत आणि रोम यांच्या व्यापाराचा विषय निघाला की सोन्याची नाणी आठवतात. यवनांची जहाजे सोने घेऊन येत आणि मिरी घेऊन परत जात, असे वर्णन संगम साहित्यात आहे. भारताशी चाललेल्या व्यापारापायी दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स साम्राज्याबाहेर जातात, अशी तक्रार पहिल्या शतकात प्लिनीने नोंदवून ठेवली. त्या सोन्या-चांदीच्या नाण्यांवर पुष्कळ लिहिले गेले. ब्राँझच्या या चिल्लर नाण्यांकडे मात्र फारसे कोणी वळले नाही. ती सुंदर नसतात, त्यांना बाजारात मोठी किंमत येत नाही आणि ती ओळखणे अतिशय कष्टाचे असते.

तरीही एक प्रश्न केवळ त्यांच्याचमुळे उभा राहतो. सोने कोठेही गेले तरी सोनेच असते. समुद्रापलीकडे नेले तरी वजनाने त्याची किंमत होते. ब्राँझच्या हलक्या नाण्याचे तसे नाही. त्याची किंमत ज्या राज्यात ते चालते त्या राज्यापुरती. मग दीड-दोन ग्रॅमची ही चिल्लर भूमध्य समुद्राच्या काठावरून तमिळ देशातील नदीपर्यंत का आली? व्यापाऱ्यांच्या कमरेच्या कशात राहून गेली, धातू म्हणून आणली गेली, की येथील बाजारात सुटे पैसे म्हणून चालली? या प्रश्नाला हात घालायचा तर आधी प्रत्येक नाण्याला त्याचे नाव-गाव विचारावे लागते.

ओळख पटवण्याचे काम भिंग हातात घेण्याआधी सुरू होते. प्रथम वजन आणि व्यास. सम्राट डायोक्लेशियनने सुमारे 294 मध्ये चलनसुधारणा केली, तेव्हा ब्राँझचे मोठे नाणे साधारण 10 ग्रॅमचे होते आणि त्यात अल्पशी चांदीही मिसळलेली असे. पुढच्या शंभर वर्षांत ते नाणे आटत गेले. 330 च्या सुमारास ते अडीच ग्रॅमच्या आसपास आले आणि शतकाच्या अखेरीस सव्वा ग्रॅमपर्यंत उतरले. अधूनमधून सरकारने मोठी नाणी काढून पाहिली, पण तीही टिकली नाहीत. या नाण्यांची त्या काळातली नावे अनेकदा निश्चित सांगता येत नाहीत, म्हणून अभ्यासकांनी व्यासावरून चार वर्ग पाडले. 25 मिलिमीटरहून मोठे ते एई-1, 21 ते 25 चे एई-2, 17 ते 21 चे एई-3 आणि 17 हून लहान ते एई-4. ‘एई’ हे तांब्या-ब्राँझसाठी असलेल्या लॅटिन शब्दाचे लघुरूप. तराजू आणि व्हर्नियर कॅलिपर एवढ्या साधनांनी शतकाचा कोणता भाग असावा याचा पहिला अंदाज येतो.

त्यानंतर मागची बाजू पाहायची. नवख्या माणसाचा डोळा चेहऱ्याकडे जातो, जाणकार नाणे उलटे करतो. याला कारण आहे. चौथ्या शतकातले चेहरे माणसांचे राहिलेले नाहीत. नीरो किंवा व्हेस्पेशियन यांच्या नाण्यांवर मानेच्या वळ्या आणि टक्कलही दिसते, पण कॉन्स्टंटाइनच्या घराण्यातले सगळे सम्राट एकाच साच्यातले वाटतात: मोठे डोळे, सरळ नाक, कपाळावर मोत्यांचा पट्टा. मागच्या बाजूवरची चित्रे मात्र मोजकी आहेत आणि त्यांचा काळ ठरलेला आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका नाण्याचा व्यास 15 मिलिमीटर आहे, वजन दीड ग्रॅम आहे आणि मागच्या बाजूला भाला-ढाल घेतलेले दोन सैनिक समोरासमोर उभे आहेत. हे ‘ग्लोरिया एक्सर्सितुस’, म्हणजे ‘सैन्याचे वैभव’, या लेखाचे नाणे. त्या काळातील अतिशय विपुल नाण्यांपैकी हे एक. आता सैनिकांच्या मध्ये ध्वजदंड किती, ते मोजायचे. दोन असतील तर नाणे साधारण 330 ते 335 मधले, एकच असेल तर त्यानंतरचे, 341 पर्यंतचे. ध्वज एकाने कमी झाला त्याच सुमारास नाण्याचे वजनही उतरवले गेले होते. जागा कमी पडली म्हणून ध्वज गेला, की हलके नाणे वेगळे ओळखू यावे म्हणून, हे आज कोण सांगणार? पण त्या एका काठीने अभ्यासकाला पाच-सहा वर्षांचा पट्टा मिळवून दिला, हे खरे.

आता पुढची बाजू. लेखातून ‘कॉन्स्टान’ एवढेच वाचता येते, पुढचे झिजले आहे. येथे रोमच्या राजघराण्याने अभ्यासकांची चांगलीच परीक्षा पाहिली आहे. पिता कॉन्स्टंटाइन, पुत्र कॉन्स्टंटाइन दुसरा, कॉन्स्टंशियस दुसरा आणि कॉन्स्टन्स. चौघांचीही नावे त्याच अक्षरांनी सुरू होतात. मग नावाच्या शेवटाकडे आणि पदवीकडे जावे लागते. ‘नोब’ ही अक्षरे दिसली तर तो सीझर, म्हणजे युवराजपदावरचा. ‘ऑग’ दिसले तर ऑगस्टस, म्हणजे सम्राट. कॉन्स्टंटाइन 337 च्या मे महिन्यात वारला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तिघे पुत्र ऑगस्टस झाले. तेव्हा नाव कॉन्स्टंशियसचे आणि पदवी ऑगस्टसची, एवढे निश्चित झाले की हे एक-ध्वजी नाणे 337 ते 341 यांमध्ये येऊन बसते.

या अचूकतेचे मोल विज्ञानाच्या विद्यार्थ्याला विशेष जाणवावे. कोळशाच्या तुकड्याचे कार्बन-14 पद्धतीने वय काढले तर उत्तरात सहसा काही दशकांची अनिश्चितता राहते. येथे काचेचे एक भिंग आणि दोन अक्षरे चार वर्षांपर्यंत घेऊन जातात. मात्र हा दिनांक नाणे पाडले गेल्याचा आहे, हरवल्याचा नाही. अँटिओकमध्ये 340 मध्ये पाडलेले नाणे करूरच्या पात्रात 350 मध्ये पडले असेल किंवा 420 मध्येही. नाणे ज्या थरात सापडते तो थर नाण्याहून जुना असू शकत नाही, एवढीच खात्री ते देते. नवा किती असेल, ते थरातल्या इतर वस्तूंना विचारावे लागते.

नाव झाले, आता गाव. मागच्या बाजूवर चित्राच्या तळाशी एक आडवी रेषा असते आणि तिच्या खाली बारीक अक्षरे. ती टांकसाळीची खूण. साम्राज्यभर डझनाहून अधिक टांकसाळी होत्या आणि प्रत्येकीचे लघुरूप ठरलेले होते. ‘एस-एम-ए-एन’ म्हणजे अँटिओक, आजच्या तुर्कस्तानातले अंताक्या. ‘एस-एम-ए-एल’ म्हणजे अलेक्झांड्रिया. ‘टी-आर’ म्हणजे जर्मनीतले ट्रियर. त्यापुढे बहुधा एक अक्षर असते, ते टांकसाळीतल्या विभागाचे. आपल्या दोषाला जबाबदार कोण, हे सरकारला कळावे अशी ती सोय. वजन कमी भरले तर कोणत्या विभागाला जाब विचारायचा ते त्या अक्षरावरून ठरे. सोळाशे वर्षांपूर्वीचा हा गुणवत्ता नियंत्रणाचा शिक्का आज इतिहासकाराच्या उपयोगी पडतो. तांबड्या समुद्रातून येणाऱ्या नाण्यांत पूर्वेकडच्या टांकसाळी किती आणि पश्चिमेकडच्या किती, हे प्रमाण काढता आले तर माल कोणत्या बाजारातून निघाला होता याचा माग लागतो.

अडचण अशी, की तळरेषेखालची अक्षरेच सर्वांत आधी जातात. चकती ठशापेक्षा लहान असली तर ती उमटतच नाहीत. उमटली तर काठाजवळ असल्याने झिजतात. शतकाच्या अखेरच्या नाण्यांत तर आणखी कठीण. ‘सालुस रेइपुब्लिकाए’, म्हणजे ‘राज्याचे कल्याण’, असा लेख असलेली, सुमारे 13 मिलिमीटरची नाणी 388 पासून पुढे मोठ्या प्रमाणात निघाली. मागे विजयदेवता, खांद्यावर विजयचिन्ह आणि हाताने फरफटत आणलेला बंदी. सम्राट कोण? थिओडोशियस, अर्केडियस किंवा होनोरियस. तिन्ही नावांचा शेवट एकच, ‘इयस’. नेमका तो शेवट शिल्लक राहिला आणि सुरुवात गेली, तर नाव कळण्याचा मार्ग बहुधा बंद होतो.

अशा वेळी खरा अभ्यासक काय करतो, यातच या शास्त्राची कसोटी आहे. तो लिहितो: ‘थिओडोशियस, अर्केडियस अथवा होनोरियस, टांकसाळ अवाच्य, 388 नंतर.’ संग्राहकाला हे उत्तर आवडत नाही, विक्रेत्याला तर मुळीच आवडत नाही. त्यांना एक नाव हवे असते. पण प्रयोगशाळेत मोजमापाबरोबर त्रुटीची मर्यादा लिहितात तशीच ही नोंद आहे. तिघांपैकी एक नाव अंदाजाने लिहिले तर नोंदवही सुबक दिसेल. पुढे कोणी त्या वहीवरून आलेख काढील, आणि अर्केडियसच्या काळात व्यापार अचानक वाढला असा निष्कर्ष छापला जाईल. ती वाढ इतिहासात झालेलीच नसेल, ती झालेली असेल नोंद करणाऱ्याच्या लेखणीत.

येथे कोणी म्हणेल, अक्षरे गेली तर यंत्र आहे की! धातूचे विश्लेषण करा. क्ष-किरण प्रस्फुरणाचे, ज्याला एक्सआरएफ म्हणतात, हातात मावणारे यंत्र आता पुष्कळ ठिकाणी उपलब्ध आहे. नाण्यावर रोखले की मिनिटभरात तांबे, कथील, शिसे यांची टक्केवारी पडद्यावर येते. ती टक्केवारी दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत असते, म्हणून ती विश्वासार्ह वाटते. परंतु तांब्याचे जे वैशिष्ट्यपूर्ण क्ष-किरण यंत्र मोजते त्यांची ऊर्जा साधारण 8 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. धातूच्या आतून निघून बाहेर पोचण्याची त्यांची मजल मिलिमीटरच्या काही शतांशांपलीकडे नाही. म्हणजे यंत्र नाण्याची केवळ त्वचा पाहते. सोळाशे वर्षे ओल्या वाळूत राहिलेल्या नाण्याच्या त्वचेतून काही धातू झिरपून गेलेले असतात, काही साठलेले असतात. शिसे तांब्यात विरघळत नाही, ते थेंबाथेंबांनी वेगळे बसते, म्हणून दोन ठिकाणी मोजले तर दोन उत्तरे येतात. आकडा खोटा नसतो, तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर असतो.

शिशाच्या समस्थानिकांचे गुणोत्तर मोजण्याची पद्धत याहून खोल जाते. शिसे कोणत्या खाणीतले असावे, याचा ती माग देते. पण जुनी नाणी वितळवून नवी पाडण्याची पद्धत असल्याने अनेक खाणींचे शिसे एकत्र मिसळलेले असू शकते. तरी एका प्रश्नासाठी ही पद्धत मोलाची ठरावी. श्रीलंकेत उत्तर रोमन ब्राँझ नाणी फार मोठ्या संख्येने सापडतात आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या स्थानिक नकलाही सापडतात. त्यांवर अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा आणि सैनिकांच्या जागी काटक्यांची माणसे दिसतात. नक्कल होते याचा अर्थ मागणी होती. ही चिल्लर केवळ परदेशी खलाशांच्या खिशातून सांडलेली नव्हती, येथल्या बाजारात ती हवी होती, असे त्या नकला सुचवतात. तमिळनाडूतल्या झिजलेल्या नाण्यांत अस्सल किती आणि नकला किती, हे नीट वेगळे करणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

या नाण्यांवरून घाईने काढलेल्या निष्कर्षांचा इतिहासही आहे. रॉबर्ट सूएल यांनी 1904 मध्ये भारतातील रोमन नाण्यांचा आढावा घेताना, मदुराईच्या या तांब्याच्या नाण्यांवरून तेथे रोमन लोकांची वस्ती असावी, असा तर्क केला. तर्क त्या काळच्या माहितीला धरून होता. त्यानंतर श्रीलंकेतील साठे आणि नकला यांचा अभ्यास झाला, आणि नाणे येथे आहे म्हणजे ते पाडणाऱ्या देशाचा माणूस येथे राहत होता असे समजण्याची गरज उरली नाही. पुढे ‘दिनमलर’ या तमिळ वृत्तपत्राचे संपादक आर. कृष्णमूर्ती यांनी करूर आणि मदुराईच्या उत्तर रोमन नाण्यांवर 1994 मध्ये स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. वृत्तपत्राचा व्याप सांभाळून एका गृहस्थाने ही कुरूप चिल्लर एकेक करून ओळखली, तिची छायाचित्रे छापली आणि ती अभ्यासाच्या कक्षेत आणली. भारत-रोम व्यापार पहिल्या-दुसऱ्या शतकानंतर जणू संपला, या समजुतीला मागे सारणाऱ्या पुराव्यांत या नाण्यांना आज स्थान आहे.

आता खरी चिंतेची गोष्ट. नदीच्या वाळूतून निघालेले नाणे बहुधा थेट अभ्यासकाकडे जात नाही. ते विक्रेत्याकडे जाते, आणि विकण्याआधी ते ‘स्वच्छ’ केले जाते. आपल्या घरांत तांब्याचे भांडे चिंच-मिठाने घासून लखलखीत करण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. भांड्यासाठी ती उत्तम आहे, नाण्यासाठी ती घातक ठरते. अक्षरे पुष्कळदा त्या हिरव्या-तपकिरी थरातच जपलेली असतात, खालचा धातू आधीच खाऊन गेलेला असतो. थर गेला की लेखही जातो. शिवाय मिठातील क्लोराइड धातूच्या रंध्रांत शिरते. तांब्याचे क्लोराइड दमट हवेत ओलावा आणि प्राणवायू घेऊन फिकट हिरव्या भुकटीत बदलते, त्यात आम्ल तयार होते, ते आम्ल पुन्हा तांब्याला खाते आणि चक्र चालू राहते. याला ब्राँझचा रोग म्हणतात. शतकानुशतके वाळूत टिकलेले नाणे मग कपाटात काही वर्षांत भुगा होऊ शकते.

याहून मोठे नुकसान मात्र डोळ्यांना दिसत नाही. नाण्याचे एक गाव त्याच्या तळरेषेखाली लिहिलेले असते: अँटिओक, अलेक्झांड्रिया. दुसरे गाव कोठेच लिहिलेले नसते. ते सापडले ती जागा, ती वाळू, तो थर, त्याच्या शेजारी पडलेली खापरी, हे सारे केवळ सापडवणाऱ्या माणसाच्या स्मरणात असते. विक्रेत्याच्या पेटीत करूरचे नाणे, मदुराईचे नाणे आणि परदेशातून घाऊक आलेले नाणे एकत्र झाले, की त्या तिघांना वेगळे सांगणारे कोणतेही भिंग उरत नाही. युरोपात आणि पश्चिम आशियात अशी नाणी अगणित सापडतात, तेव्हा केवळ 340 मध्ये अँटिओकला पाडलेले नाणे म्हणून त्याला विशेष महत्त्व नाही. ते अमरावतीच्या पात्रात होते, हे त्याचे महत्त्व. अलगनकुळमसारख्या, वैगईच्या मुखाजवळच्या स्थळी उत्खननात थरासह मिळालेले एकच झिजके रोमन नाणे पेटीभर चकचकीत नाण्यांहून अधिक बोलते, ते यामुळेच.

भारतीय कायद्यात याची थोडी तरतूद आहे. 1878 च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत लपलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू परवान्याविना देशाबाहेर नेता येत नाही. पण नदीच्या वाळूतून चाळणीत आलेल्या नखाएवढ्या चकतीपर्यंत कायद्याचा हात पोचणे अवघड. तेथे पोचू शकते ती माहिती.

म्हणून जुने नाणे ज्याच्या हाती येईल त्याने थोडेच करावे. ते घासू नये; चिंच, लिंबू, मीठ, आम्ल यांपैकी काहीही लावू नये. कोरड्या कागदात ठेवावे. दोन्ही बाजूंची छायाचित्रे तिरप्या उजेडात घ्यावीत, कारण समोरून पडलेल्या उजेडात झिजलेली अक्षरे बुजतात आणि बाजूने पडलेल्या उजेडात त्यांच्या सावल्या उठतात. शेजारी मोजपट्टी ठेवावी, वजन लिहावे. चेहरा सरळ धरून नाणे उलटल्यावर मागचे चित्र सरळ येते की उलटे, तेही लिहावे. आणि सर्वांत आधी, त्याच दिवशी, ते कोठे सापडले हे शक्य तितके नेमके लिहून ठेवून जिल्हाधिकारी कार्यालयाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे.

सम्राटाचे नाव उद्याही शोधता येईल. अक्षर पुसट असले तरी अधिक चांगला प्रकाश, अधिक चांगले भिंग, अधिक चांगले यंत्र पुढच्या पिढीकडे असेल. नाणे ज्या वाळूतून उचलले तिची खूण मात्र त्या संध्याकाळपर्यंतच असते. दुसऱ्या दिवशी नदीला पाणी येते, वाळूचा ट्रक भरला जातो, उचलणारा माणूस दुसऱ्या कामाला लागतो. नाण्याच्या दोन गावांपैकी एक रोमच्या टांकसाळीने लिहून ठेवले आहे. दुसरे लिहिण्याचे काम आपल्याकडे आहे.